टेकडीवर जाऊन येतो

नागपुरात कोणी ‘टेकडीवर जाऊन येतो’ म्हणालं, की तो स्टेशनजवळच्या गणपतीला निघाला असं समजायचं. गाडी लावायची, चपला काढायच्या, दूर्वा वाहायच्या, प्रसाद खिशात घालायचा अन् परत. यात चढ किती? एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाताना जो जिना लागतो, त्याहून कमीच. खरी टेकडी मागे उभी आहे. तिच्यावर सीताबर्डीचा किल्ला. १८१७च्या नोव्हेंबरात भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज तिच्यासाठी एकमेकांना भिडले होते. आता ती लष्कराकडे आहे आणि लोकांना वर्षातले तीनच दिवस वर सोडतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. त्यातले दोन दिवस आपण झेंडावंदनाची जिलेबी खाऊन झोपतो, आणि १ मेच्या उन्हात नागपूरचा कावळाही फांदी सोडत नाही.

तेव्हा डोंगरात, राखीव जंगलात पायी फिरायला जायची उबळ तुम्हाला आली असेल, तर घाबरू नका. अशा उबळी जिरवण्यात हे शहर मुरलेलं आहे. फक्त जागा नीट निवडता आली पाहिजे. नीट निवडली, तर चालावं लागत नाही.

सुरुवात जागेपासून करू नये, बुटांपासून करावी. आमच्या भाच्यानं लॉकडाऊन उठल्यावर, २०२०च्या दिवाळीत, घोट्यापर्यंत येणारे वॉटरप्रूफ बूट घेतले. सोबत घडीच्या दोन काठ्या आणि पाठीवरून नळीनं पाणी प्यायची पिशवी. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये ते बूट चपलांच्या रॅकवर सगळ्यात वरच्या खणात ठेवलेले असत, पाहुण्यांना दिसतील असे. तळव्यावर किमतीचं स्टिकर तसंच. ते बूट दोनदा फुटाळा तलावापर्यंत जाऊन आले, दोन्ही वेळा कारनं. बूट घेतले की निम्मा ट्रेक झाला, असं तो म्हणायचा. उरलेला निम्मा ग्रुपवर व्हायचा.

ग्रुपवर जागा ठरवताना पहिलं नाव नेहमी सह्याद्रीतलं घ्यावं. त्यात दोन फायदे आहेत. एक म्हणजे पुण्याच्या मेव्हण्यापुढे मान ताठ राहते. दुसरा असा, की तिथे जाणं होतच नाही. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, आपल्यापासून किती लांब ते विचारू नये. पूर्वी निदान ‘फार लांब पडतं हो’ हे उत्तर होतं. २०२५च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला आणि तेही गेलं. आता म्हणावं, ‘टोल परवडत नाही.’ कळसूबाईसुद्धा अभयारण्यातच येते हे मात्र कुणाला सांगू नये. शिखराच्या वाटेवर पिठलं-भाकरीच्या टपऱ्या आणि लिंबू सरबत मोजत गेलेल्या माणसाचा त्यावर विश्वास बसत नाही.

सह्याद्री बारगळला की गाडी वाघावर येते. इथे जरा बैठक मारून समजून घ्या, कारण नागपूरकराच्या निवडीचं सगळं गणित इथेच अडकलेलं आहे. जिथे वाघ आहे तिथे पायी चालू देत नाहीत, आणि जिथे वाघ नाही ते आपल्या लेखी जंगलच नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत आपल्याला डोंगर शोधायचा आहे.

आधी शब्द पाठ करा. ‘अभयारण्य’ म्हटलं की अभय आपल्याला दिलेलं आहे असं धरावं. ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हणजे बाग, त्यामुळे चटई अन् थर्मास घेऊनच निघावं. ‘राखीव वन’ हे रेल्वेच्या राखीव डब्यासारखं, टीसीला भेटलं की काम होतं. ‘संरक्षित वन’ सगळ्यात कडक वाटतं, आणि गंमत तिथेच आहे. १९२७च्या वन कायद्यात हे उलटं आहे: राखीव वनात परवानगी नसेल ते सगळं बंद, संरक्षित वनात मनाई नसेल ते चालू. त्यावर १९७२च्या वन्यजीव कायद्याचं अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान, त्यावर व्याघ्र प्रकल्प, त्याचा कोअर म्हणजे गाभा, त्याचा बफर म्हणजे भोवतालची पट्टी. एकाच डोंगराला पाच नावं असतात आणि पाचही फलकांवर बाण वेगवेगळ्या दिशेला. आपण सहावा फलक वाचावा, ‘येथे चहा-नाश्ता मिळेल’.

पेंच घ्या. राष्ट्रीय उद्यान १९७५चं, व्याघ्र प्रकल्प १९९९चा, आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीपलीकडेही तेच नाव, तेच जंगल. सिल्लारीच्या गेटवर पहाटे सहाला थंडीत कुडकुडत उभं राहावं आणि ‘आम्ही चालत जाऊ का?’ असं मुळीच विचारू नये. मी एकदा एका गेटवर विचारलं होतं. खिडकीतल्या माणसानं पावतीपुस्तकातून मान वर केली, मला बुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, ‘हे पाय बे, हे वाघाचा नाश्ता बनून रायले.’ तर जिप्सीत बसावं. सहा जण, एक गाइड, एक चालक. आपण संपूर्ण सकाळ बसून काढतो आणि घरी आल्यावर ‘जंगल पालथं घातलं’ म्हणतो. शरीरात जे काही पालथं झालेलं असतं, ते कंबर असते.

जिप्सीतून डोंगराकडे पाहू नये. साग, ऐन, धावडा, उतारावरची सालईची पांढुरकी खोडं, ही सगळी वाघाच्या आड येणारी सामग्री आहे. सोमवारी ऑफिसात एकच प्रश्न येणार आहे: ‘दिसला का?’ कर्ता नाही, कर्म नाही, तरी अख्ख्या नागपूरला तो समजतो. मी एकदा हरियालांचा थवा पाहून आलो होतो. उंबरावर बसलेले, पिवळ्या पायांचे, पानात पान होऊन गेलेले. हा आपला राज्यपक्षी. ‘दिसला का?’ला मी ते सगळं सांगितलं. सहकाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘म्हणजे काही नाही दिसलं. होते असं कधी कधी.’

वाघाला चाहता वर्गही आपल्यासारखाच लागतो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली झालं, नागपूरहून साठेक किलोमीटर. नागझिऱ्याहून चालत आलेल्या जय नावाच्या वाघानं ते प्रसिद्धीला आणलं. लक्षात घ्या, चालत. नद्या, शेतं, रस्ते ओलांडून, कुणाच्या ग्रुपवर न टाकता. २०१६च्या एप्रिलपासून तो कुणाला दिसलेला नाही, गळ्यात रेडिओ कॉलर असूनसुद्धा. मग २०२४च्या शेवटच्या दिवशी तिथेच जिप्सीवाल्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी असं कोंडलं, की उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा एकतीस डिसेंबरला कुठे जावं हे ठरवताना हा विचार करा: व्हरायटी चौकातला ट्रॅफिक जाम आवडतो, की साग-मोहाच्या सावलीतला?

आता कुणी म्हणेल, बफरमध्ये काही ठिकाणी गाइड घेऊन पायी निसर्गवाट चालता येते. येते. पण अशा वाटेवर तो गाइड वाघाचे पगमार्क, म्हणजे पंजाचे ठसे, सोडून भलतंच दाखवतो. अस्वलानं मधासाठी ओरबाडलेलं खोड, वाळवीचं वारूळ, चारोळीचं झाड. आणि मग कुसळ. दिवाळीनंतर गवत वाळलं की हे कळतं. हातात घेऊन पाहाल तर टोक सुईसारखं, मागे लांब पीळदार शेपूट. ओल लागली की तो पीळ उलगडतो आणि सुई फिरत फिरत आत जाते. निसर्गानं ही सोय त्याला मातीत घुसण्यासाठी दिलेली आहे, पण घामेजलेला मोजा त्याला मातीइतकाच प्रिय. मी पिंडरीतली कुसळं काढत दगडावर बसलो होतो तेव्हा वरून एक बाई उतरत आली. डोक्यावर टोपली, पायात निळ्या रबरी स्लिपरा, पदर कंबरेला खोचलेला. मी विचारलं, ‘मावशी, वर जायला किती वेळ लागेल?’

‘वर काय हाय?’

‘काही नाही, पाहायला.’

‘खालून नाई दिसत?’

या प्रश्नावर मी अजून विचार करतो आहे. तुम्ही मात्र अशा लोकांकडून माहिती घेऊ नये. मार्च-एप्रिलात मोहफूल पहाटेच्या आधी टपटपतं, तेव्हा या बाया काळोखातच झाडाखाली असतात. तिथे अस्वलही त्याच फुलांसाठी येतं. मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा पुडा बांधायचा, असे शंभर-शंभर, आणि ते डोक्यावर घेऊन चढ-उतार. रोज आठ-दहा किलोमीटर सहज होत असतील, पण मोजायला घड्याळ नसल्यानं ते धरता येत नाहीत. ट्रेकिंगमध्ये बसत नाही ते. वाघ-अस्वलाची गाठ पडली तर मात्र बातमीत बसतं, आतल्या पानावर, आणि शीर्षकात त्या बाईचं नाव नसतं, वाघाच्या क्रमांकाची चर्चा असते.

असो. ऋतू पाहू. उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे, तेव्हा प्रश्नच नाही. तरी बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांजवळ मचाणावर बसवतं, तिथे जरूर नाव द्यावं, कारण मचाणावरून उतरायचीच मनाई असते. पावसाळ्यात डोंगर खरे हिरवे होतात आणि कोअर नेमका १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. हिवाळ्यात लग्नं. मधे एखादा रविवार मोकळा सापडलाच तर मुलाची परीक्षा असते. ताडोब्याला जायचं तर मंगळवारी निघावं. मंगळवारी ताडोबा बंद असतो. परत येऊन व्यवस्थेला नावं ठेवायला अख्खा आठवडा मिळतो.

जवळच्या जागा मात्र कटाक्षानं टाळा. सेमिनरी हिल्स, नावातच अनेकवचन, पण ती मॉर्निंग वॉकवाल्यांनी वाटून घेतलेली आहे. तिथे चढ म्हणजे बीपीच्या गोळ्यांवर बोलायला लागणारा वेळ. अंबाझरीच्या मागे शेकडो हेक्टर झुडपी रान आहे, पण ते अंबाझरी असल्यानं त्याची ‘स्टोरी’ होत नाही. गोरेवाडा तर रिंगरोडला खेटून. १९१२ सालचा तलाव, मागे जवळजवळ दोन हजार हेक्टर जंगल, आणि २६ जानेवारी २०२१पासून तिथे वातानुकूलित बस फिरते. म्हणजे शहरालगतचं जंगल, जिथे आपण उद्या सकाळी सायकलनं पोहोचू शकलो असतो, तेही आता बसून पाहायची सोय झाली. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी एक बिबट्या गायत्रीनगर, आयटी पार्क असा शहरात चक्कर मारून गेला. हिरवळीला हिरवळ जोडून पायी कुठवर जाता येतं, हे नागपुरात त्यालाच माहीत होतं. आपण त्याला हाकलायला पिंजरे लावले. वाट विचारायची राहून गेली.

गाडी थेट वरपर्यंत जाते, अशा जागांचं मात्र मनापासून कौतुक करावं. रामटेक त्यात अग्रगण्य. पायऱ्याही आहेत, त्या माकडांना लागतात. कालिदासानं आपल्या यक्षाला शिक्षा म्हणून वर्षभर ज्या रामगिरीवर ठेवलं, ती हीच असं महामहोपाध्याय मिराशींनी मांडून ठेवलं आहे. बिचाऱ्याला तिथून नुसते ढग दिसत, पार्किंग दिसत नसे. चिखलदरा आणखी सोयीचं. १११८ मीटर उंची, भोवती मेळघाट, म्हणजे देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला एक, आणि हे सगळं ‘पॉइंट’मध्ये कापून ठेवलेलं. देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, भीमकुंड. गाडीतून उतरा, कठड्याला टेका, भाजलेलं कणीस खा, गाडीत बसा. शेजारचा गाविलगड घ्यायला १८०३च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याला तोफा डोंगरावर ओढाव्या लागल्या होत्या. आपण कणसाचा बुरकुंडा तटाखाली टाकला की तेवढ्यात मोहीम फत्ते.

आणि रात्रीचं काही हवं असेल तर पेंचमध्येच, २०२४च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान मिळालेला अंधार आहे. तिथे पोहोचल्यावर गाडीचे हेडलाइट चालू ठेवावेत, म्हणजे अंधार नीट दिसतो.

हे सगळं मी गेली काही वर्षं लोकांना सांगत आलो आणि कुणाची तक्रार नव्हती. घोळ केला तो गल्लीतल्या काकूंनी.

काकू सत्तरीच्या. नागपंचमीच्या आधी दरवर्षी नागद्वारीच्या यात्रेला जातात, मध्य प्रदेशातल्या पचमढीला. इथून अडीचशे किलोमीटर. गणेशपेठच्या स्टँडवरून त्या दिवसांत जादा एसटी सुटतात, तिथे अख्खा विदर्भ प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन रांगेत असतो. धूपगडाच्या, म्हणजे १३५० मीटरच्या सातपुड्यातल्या सर्वांत उंच माथ्याच्या, पोटातून ती वाट उतरते. काजरी, पद्मशेष, चिंतामण असं करत डोंगरामागून डोंगर. लोखंडी शिड्या, निसरडे दगड, वरून पावसाची झड. आणि सगळं सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या आत. एरवी वर्षभर तिथे पाऊल टाकायला बंदी. यात्रेचे दहाएक दिवस उघडतं, आणि लाखो माणसं जातात.

‘काकू, तो व्याघ्र प्रकल्प आहे,’ मी त्यांना सांगितलं होतं. माझ्या मते ही माहिती निर्णायक होती.

‘असन. त्याचंबी देवस्थान हाय ते.’

‘अन् तुमच्या इतक्या लोकांचा कचरा?’

यावर त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. ‘तुमी त जात नाई,’ म्हणाल्या, ‘मंग तुमच्या घरचा कुठी जाते?’ भांडेवाडीचा कचऱ्याचा ढीग हासुद्धा नागपूरचा एक चढता डोंगर आहे, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

गेल्या वर्षी भाचा त्यांच्याबरोबर गेला. बायकोनं रॅक आवरायला काढला होता, बूट तरी घाल नाहीतर विक, असं म्हणाली. त्यानं काठ्या घेतल्या, नळीची पिशवी घेतली, एनर्जी बार घेतले. काकूंनी तिखटमिठाच्या पुऱ्या, कापूर, अंगावर घ्यायला मेणकापड आणि पिशवीचं तोंड बांधायला सुतळी घेतली. पायात नायलॉनच्या पट्ट्यांच्या चपला.

काजरीच्या अलीकडे बुटाचा तळवा सुटला. आधी उजव्याचा, मग डाव्याचा. फाटला नाही, उसवला नाही, ओल्या बिस्किटासारखा विरघळून वाटेवर पडला. अशा बुटांच्या तळव्यातला फोम वर्षानुवर्षं नुसता ठेवला तर हवेतल्या दमटपणानं आतल्या आत मरतो, हे त्याला नंतर मोबाईलवर कळलं. त्या वेळी मोबाईलला रेंज नव्हती. मागून रेटा येत होता, पुढून ‘हर हर महादेव’ येत होतं, आणि हा एका पायावर. काकू मागे वळल्या. वाकल्या, पिशवीची सुतळी सोडली, दातानं तोडून दोन तुकडे केले आणि दोन्ही बूट पायाला भाकऱ्यांच्या गाठोड्यासारखे करकचून बांधले. पिशवी उघडी पडली तर ती पोटाशी धरून पुढे चालू लागल्या. स्टिकर तेव्हा कुठे निघालं.

सोमवारी तो लंगडत ऑफिसात गेला. शेजारच्या टेबलावरून आलाच प्रश्न.

‘दिसला का?’

‘पाऊस होता बे, धुकं होतं,’ भाचा म्हणाला. ‘काकूची पाठ दिसून राहिली होती. तेवढीच पाहत पाहत वर गेलो.’